बाहुल्यांच्या कप्प्यातली फिल्म

पद्माक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पुस्तक कापत होत्या.

खरोखर कापत होत्या. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर फणस कापायची लांब सुरी आणि खोबरेल तेलाची वाटी. मांडीवर एक जाडजूड जर्मन कादंबरी. अक्कांनी सुरीला तेल लावलं, कादंबरी मधोमध उघडून पालथी दाबली आणि कण्यावरून सुरी सरळ ओढली. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. मी एक चप्पल काढून आणि एक घालून दारातच उभा राहिलो. आमच्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आई नमस्कार करायला लावायची. इथं डोळ्यांदेखत पुस्तकाच्या फाका होत होत्या आणि भोवती बसलेली पाच-सहा तरुण मंडळी गजऱ्याच्या दोऱ्यानं त्या फाका शांतपणे बांधत होती.

"अय्यो, उभा काय राहिलास? बस रे. तुला सुरुवात देऊ का मधलं?"

ही त्यांची माझी ओळख. मी मूळचा पुण्याचा, नोकरीसाठी म्हैसूरला आलेला. कडकोळच्या ज्या कारखान्यात मी होतो तिथली यंत्रं जर्मनीहून यायची आणि त्यांच्याबरोबर येणारी माहितीपुस्तकं आमच्यापैकी कुणाला वाचता येत नसत. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हैसूरमध्ये जर्मन म्हटल्यावर जो तो पद्माक्कांकडे बोट दाखवत होता. नंजनगूडहून रेल्वेनं येणाऱ्या नर्स मुली, बेळगोळकडचे इंजिनियर, परदेशी शिकायला निघालेली पोरं, सगळे त्यांच्याचकडे. माझी समजूत अशी झालेली की बाई निदान दहा वर्षं तरी जर्मनीत राहून आल्या असतील. त्या बंगळूरच्या पलीकडे कधी गेल्याच नव्हत्या.

उंची बेताची, नाकात ठसठशीत चमकी, चष्मा काळ्या दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि आवाज कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत पोचणारा. घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं. घरात बोलायची ती मराठीच, पण कन्नडात चांगली मुरलेली. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कुठं जाऊन संपेल याचा नेम नसायचा. मला त्या 'पुणेरी' म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

पुस्तक कापण्यामागं त्यांची पद्धत होती. कादंबरीचा एकेक तुकडा एकेकानं न्यायचा, आठवडाभर वाचायचा आणि शनिवारी सगळ्यांसमोर आपल्या तुकड्यात काय घडलं ते जर्मनमध्ये सांगायचं. पूर्ण गोष्ट कुणाकडेच नसे. एखादा आला नाही की गोष्टीला भोक पडे आणि सगळे त्याच्यावर चिडत. "पुस्तक अख्खं ठेवलं की कपाटात बसतं रे," त्या म्हणायच्या. "कापलं की चार घरं फिरतं. अल्वा?" या 'अल्वा'चा अर्थ 'नाही का', पण अक्कांच्या तोंडून तो प्रश्न नसायचा.

एकदा खुनाची कादंबरी होती. शेवटचा तुकडा प्रदीप नावाच्या इंजिनियरकडे. त्याचा व्हिसा अचानक आला आणि पठ्ठ्या तुकडा बॅगेत घालून सरळ जर्मनीला गेला. खुनी कोण हे कळेना. नर्स मुली कासावीस झाल्या. शेवटी अक्कांनी त्याला व्हिडिओ कॉलवर पकडला. तो बिचारा तिकडच्या थंडीत कुठल्याशा स्टेशनवर उभा राहून खुनी कसा सापडला ते सांगत होता, आजूबाजूचे जर्मन दचकून त्याच्याकडे पाहत होते आणि इकडून अक्का त्याचं व्याकरण सुधारत होत्या.

वर्गात गप्प बसणं हा एकच गुन्हा होता. चूक बोललं तर त्या हसायच्या, पण कुणी गप्प राहिलं तर चेहरा लाल व्हायचा. "तोंडात काय खडीसाखर आहे? चूक बोल, पण बोल. पुढे?" हा 'पुढे' त्यांचा ठेवणीतला शब्द. वाक्याशेवटी श्वास घ्यायला थांबलं की आलाच. एका लाजाळू मुलीला त्या एवढ्या बोलल्या की ती रडली. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. न बोलण्याचा एवढा राग माणसाला का यावा, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुस्तकं यायची ती मात्र मोठ्या खटपटीनं. जर्मनीतल्या लहानसहान गावांतले जुन्या पुस्तकांचे विक्रेते अक्कांना नावानिशी माहीत होते. कितीतरी जण भारतात पार्सल पाठवायलाच तयार नसत. मग अक्का तिकडं गेलेल्या विद्यार्थ्यांचे पत्ते देत. पुस्तक आधी स्टुटगार्टच्या प्रदीपकडे किंवा आणखी कुणाकडे जाई आणि सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेतून, लोकरी मोज्यांच्या शेजारून, म्हैसूरला पोचे. क्लासमधून परदेशी गेलेल्या प्रत्येकाला हे काम लागलेलंच होतं. आणि पुस्तकांबरोबर दुसरी एक गोष्ट यायची, ती मात्र अक्का कापत नसत. व्हिडिओ.

आतल्या खोलीत एक अख्खी भिंत व्हिडिओंची होती. खाली जुन्या कॅसेट, वर डिस्क. युरोपातल्या डिस्क आपल्याकडच्या प्लेअरवर चालत नाहीत. अक्कांनी देवराज मार्केटजवळच्या एका दुकानदाराकडून प्लेअरमधलं परदेशी डिस्क अडवणारं कुलूप काढून घेतलं होतं. मी एकदा ती भिंत नीट वाचली आणि चक्रावलो. बहुतेक सगळ्या फिल्म भारतावरच्या. हत्ती, देवळं, राजवाडे, योग, केरळचे कोळी, राजस्थानचे उंट. म्हैसूरच्या बाईनं जर्मनीहून एवढ्या खटाटोपानं आणायचं काय, तर भारत.

त्यातही घोळ व्हायचे. एकदा दक्षिण भारत म्हणून मागवलेल्या डिस्कच्या वेष्टनात भलतीच डिस्क निघाली. लावून पाहतो तो बर्फाळ डोंगर, गोठा आणि अडलेली गाय. आम्ही सगळे बघत असताना जनावरांच्या डॉक्टरानं कोपरापर्यंत हात आत घातला. मी उठून अंगणात गेलो. परत आलो तेव्हा अक्का फिल्म थांबवून नर्स मुलींकडून बाळंतपणाचे सगळे जर्मन शब्द घोकून घेत होत्या. त्यातल्या सवितानं पुढं मुलाखतीत त्याच शब्दांवर बाजी मारली आणि जर्मनीत नोकरी मिळवली, असं ती स्वतःच सांगते.

"अक्का, एवढा भारत कशाला जमवताय?" मी शेवटी विचारलं.

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. लग्नातला फोटो, नवरीपेक्षा नवराच जास्त लाजलेला. "आमचे यजमान. कुठल्यातरी एका फिल्ममध्ये हे आहेत."

यजमान रेशमाच्या कारखान्यात कारकून होते. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली. दसऱ्याच्या दिवसांत जर्मनीहून फिल्म काढणारी माणसं आली. त्यांना घरातली गोंबे, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्या, हव्या होत्या. यजमानांना इंग्रजी येत होतं. ते त्यांना सरळ घरीच घेऊन आले. माणसं म्हणाली, तुमच्या भाषेत बोला, हवं ते बोला. हे बोलले. अक्का शेजारी उभ्या होत्या. पुढच्या वर्षी नंजनगूडच्या रस्त्यावर स्कूटरला लॉरीची धडक बसली. ते जागीच गेले.

"फिल्मचं नाव माहीत नाही, काढणाऱ्याचं नाही. इंग्रजीत पत्रं लिहिली, कुणी उत्तर दिलं नाही. म्हटलं, आता त्यांच्याच भाषेत विचारू. शिकले."

"चेहरा पाहायचाय म्हणून?"

"चेहरा आहे की भिंतीवर. आवाज नाही रे." अक्का चष्म्याचा दोरा बोटाला गुंडाळत होत्या. "पहिली काही वर्षं होता कानात. मग एक दिवस कामं करता करता आठवायला गेले, तर आलाच नाही. त्या जागी माझ्या काकाचा आवाज आला. मेल्या काकाचा. तेव्हापासून शोधते."

माझे वडील गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी फोनवर ठेवलेला निरोप माझ्याकडे आहे. येताना बटाटे आण, एवढाच. मी तो कधी ऐकतही नाही, पण आहे. अक्कांकडे तेवढंही नव्हतं.

दुसरा धक्का त्यानंतर दोन मिनिटांनी बसला. मला एकदम आठवलं की जर्मन लोक अशा फिल्ममध्ये परक्या माणसाच्या बोलण्यावर आपलं बोलणं चढवतात. खालचा आवाज बुजून जातो. हे अक्कांना सांगावं की नाही या विचारात मी असतानाच त्यांनी केरळच्या कोळ्यांची डिस्क लावली.

"हा बघ. हा म्हातारा तोंड उघडतो. दोन शब्द ऐकलेस? मल्याळी. आणि हा आला बघ जर्मन. आता शेवटपर्यंत हाच. शेवटी कधी एखादा शब्द सुटतो." त्यांनी फिल्म थांबवली. "मला माहीत नाही असं वाटलं तुला?"

"म्हणजे फक्त दोन शब्दांसाठी?"

"साकु. पुरे झाले की. आपल्या माणसाचा आवाज ओळखायला किती शब्द लागतात?"

मी घरी येऊन हे बायकोला, अनघाला, सांगितलं. ती म्हणाली, "आणि नाहीच सापडली तर?" त्यानंतर मीही शोधायला लागलो. कारखान्यात येणाऱ्या जर्मन तंत्रज्ञाला यंत्राआधी फिल्मचं विचारू लागलो आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

फिल्म सापडली ती सविताला. जर्मनीत ती एका वृद्धाश्रमात कामाला होती. तिथल्या एका आजीला बाहुल्यांचा नाद. तिच्या वाढदिवसासाठी सविता जुन्या वस्तूंच्या एका साइटवर बाहुल्यांचा कप्पा धुंडाळत होती, तर तिथं एक डिस्क. देशोदेशींच्या बाहुल्या. विकणारी बाई ती फिल्म काढणाऱ्या कॅमेरामनची मुलगी. वेष्टनावर पायऱ्यांच्या मांडणीचा फोटो. सवितानं तो तसाच क्लासच्या ग्रुपवर टाकला.

अक्कांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा चढवला आणि फोटो मोठा केला. "हे माझे शेट्टी-शेट्टम्मा," त्या म्हणाल्या. दुकान मांडून बसलेलं ते वाणी जोडपं त्यांच्या कपाटात आजही होतं. शेट्टम्माचा कान तुटलेला होता. फोटोतही तुटलेला होता.

"सगळा भारत शोधला रे मी," अक्का म्हणाल्या. "हत्ती शोधले, देवळं शोधली. बाहुल्यांत कोण बघतं?"

सवितानं डिस्क लगेच विकत घेतली आणि म्हणाली, मी इथं लावून फोनवर पाठवते, आत्ता ऐका. अक्कांनी साफ नकार दिला. "फोनवर बेडा, नकोच. माझ्या घरात, मोठ्या पडद्यावर." मग ती डिस्क सविताकडून प्रदीपकडे गेली आणि प्रदीप संक्रांतीसाठी घरी येताना घेऊन आला. मधले आठवडे अक्कांनी एकही पुस्तक कापलं नाही.

तो आल्यावर एका दुपारी आम्ही जमलो. मी, प्रदीप आणि दोघी नर्स मुली. अक्कांनी रेशमी साडी नेसली होती आणि ताजा गजरा माळला होता. आधी जपान झाला, मग रशिया. मग एकदम राजवाड्याचे दिवे आले आणि पाठोपाठ आली ती आम्ही बसलो होतो तीच खोली. तीच लाल जमीन, तीच खिडकी. मी नकळत पाय जवळ घेतले.

बाहुल्यांशेजारी एक सडसडीत माणूस, पांढरा शर्ट, बारीक मिशी. त्याच्या शेजारी लांब वेणीची एक मुलगी. माणसानं तोंड उघडलं आणि त्याच क्षणी जर्मन निवेदक सुरू झाला. आधी दोन शब्द सोडतात, तेही त्यानं सोडले नाहीत. ओठ हलत होते, हात हलत होते, आणि वरून एक गुळगुळीत जर्मन आवाज सांगत होता की राजा-राणीच्या या बाहुल्या म्हणजे इथले देव आहेत. साफ चूक. त्या बाहुल्या मुलीला लग्नात माहेरून देतात. एरवी अक्कांनी टीव्हीलाही झापलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पडद्याकडे पाहत होत्या, तोंड किंचित उघडं.

मग निवेदक संपला. पडद्यावरचा माणूस अजून बोलत होता, आणि त्याचं शेवटचं वाक्य मोकळं राहून गेलं होतं. किनरा, हसरा आवाज. "मीच किती बोलू? तूच सांग की गं."

तो शेजारच्या मुलीकडे वळला. तिनं पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. तो थांबला. जरा जास्तच थांबला. ती बोलली नाही. तो हसला आणि फिल्म पुढच्या देशात गेली.

एक मुलगी रडायला लागली. मला वाटलं होतं, अक्का आवाजावर काही बोलतील, निदान रडतील. त्यांनी रिमोट घेऊन फिल्म मागं नेली, पुन्हा तिथंच आणली, थांबवली आणि पदर धरलेल्या मुलीकडे बोट केलं.

"ही कोण?"

"अक्का, तुम्हीच," प्रदीप म्हणाला.

"ही बोलत का नाही?"

बसस्टॉपपर्यंत आवाज पोचणारी बाई आणि पडद्यावरची ती मुलगी एकच, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मला वाटतं त्यांच्याही शिरत नव्हतं.

"त्यांनी विचारलं होतं मला," अक्का हळू म्हणाल्या. "मी विसरले होते. एवढं सगळं लक्षात ठेवलं, शर्ट ठेवला, मिशी ठेवली. हे विसरले." मग त्या उठल्या. "जा आता सगळे. आज क्लास नाही."

'पुढे' त्या म्हणाल्या नाहीत. क्लास त्या दिवशी बंद झाला तो बंदच राहिला. नर्स मुली दुसरीकडे जाऊ लागल्या. मी दोनदा जाऊन आलो. अक्का कॉफी द्यायच्या, माझं ऐकायच्या आणि गप्प बसायच्या. मला त्यांच्या आरड्याओरड्याची कधी एवढी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. ती डिस्क सापडायलाच नको होती, असंही एकदा मनात आलं, आणि हे मी अनघालासुद्धा बोललो नाही.

पुढं माझी पुण्याला बदली झाली. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवरात्र होतं. संध्याकाळी मी आणि अनघा फळं घेऊन निरोप घ्यायला गेलो. फाटक उघडं होतं. खिडकीतून दिसलं, पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या, राजा-राणी सगळ्यांत वर, तुटक्या कानाची शेट्टम्मा खाली दुकानात. समोर पाटावर अक्का, हातात रिमोट. टीव्हीतून तो किनरा आवाज बाहेर आला, "तूच सांग की गं." अक्कांनी चित्र तिथंच थांबवलं.

"बरं, सांगते," त्या म्हणाल्या. मी त्यांचा इतका हलका आवाज कधी ऐकला नव्हता. "हे राजा-राणी. देव नव्हेत हं. माझ्या आईनं दिलेले, लग्नात. राणीची साडी दरवर्षी मी नवी शिवते. आणि ही शेट्टम्मा. हिचा कान तुम्हीच तोडलात, माळ्यावरून काढताना, आणि नाव माझ्यावर घातलंत."

अनघाचा हात बेलकडे गेला होता. मी तो धरला. फळांची पिशवी उंबऱ्याशी ठेवून आम्ही चपला हातात घेऊन फाटकाकडे निघालो. वळून पाहिलं तेव्हा पडद्यावरची मुलगी तोंडाशी पदर धरून तशीच उभी होती, तो माणूस तिच्याकडे बघत थांबलेला होता, आणि अक्का त्याला तिसऱ्या पायरीवरच्या बाहुल्या सांगत होत्या.